सीलबंद कार्ट्रिजचा ड्रॉपर सीटपोस्ट: खानदेशच्या धुळीत काय टिकतं आणि काय बिघडतं

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात माउंटन बाईक चालवणाऱ्यानं पहिला ड्रॉपर (चालवता चालवता वरखाली करता येणारा सीटखालचा खांब) घ्यायचा तर केबलवर चालणारा, पोटात सीलबंद कार्ट्रिज (वायू आणि तेलाचं नळकांडं) असलेला घ्यावा. आमचं हे मत आधीच सांगून टाकतो. हायड्रॉलिक लीव्हरचा नको, आणि वायरलेस तर इतक्यात नकोच. यामागचं कारण दुरुस्तीचं आहे. ड्रॉपर आज ना उद्या अडकतो, खाली बसतो किंवा डुगडुगायला लागतो. तेव्हा तो चार एलन की, एक सर्कलिप पक्कड (खाचेतली स्प्रिंगची रिंग काढायची) आणि स्वच्छ फडकं एवढ्यावर घरच्या ओट्यावर उघडता आला पाहिजे. ही जात तशी उघडता येते. पाचपैकी चार गुण तिला आम्ही त्यासाठीच देतो. पाचवा गुण का कापला, ते पुढे येईल.

ज्यांनी ड्रॉपर वापरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हँडलवरचा लीव्हर अंगठ्यानं दाबून सीटवर भार दिला की सीट खाली जाते. भार काढून पुन्हा दाबला की वर येते. चढाला पाय पूर्ण ताणला जावा म्हणून सीट उंच हवी, उताराला वजन मागे नेता यावं म्हणून ती खाली हवी. लळिंगच्या डोंगरातल्या मुरमाड वाटा, पालकडचा सातपुड्याचा पायथा, पाटणादेवीच्या खोऱ्यात नाले ओलांडत जाणारी वाट, कुठेही जा, चढ आणि उतार काहीशे मीटरवर बदलतात. (पाल आणि पाटणादेवी दोन्हीकडे अभयारण्याची हद्द आहे, आत शिरण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या.) दर वेळी उतरून क्विक रिलीज (सीटपोस्ट आवळणारा खटका) ढिला करत बसलं तर अर्धा दिवस त्यातच जातो. कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत ज्यो ब्रीझ आणि जॉश अँजेल यांनी १९८४ सालीच ‘हाईट-राईट’ नावाची स्प्रिंग काढली होती. क्विक रिलीज ढिला केला की ती सीटपोस्ट आपोआप वर ढकलायची. आजच्या ड्रॉपरनं तेच काम अंगठ्याखाली आणलं.

इथे ज्या जातीबद्दल लिहितोय तिचं वर्णन असं: केबल फ्रेमच्या आतून येते आणि पोस्टच्या बुडाशी असलेल्या यंत्राला ओढते. त्या यंत्रामुळे कार्ट्रिजची पिन दाबली जाते, कार्ट्रिजमधला झडप उघडतो आणि सीट हलायला मोकळी होते. तैवानच्या ट्रान्झएक्सचे पोस्ट, त्यांनीच बनवलेला ब्रँड-एक्सचा असेंड, वनअपचे पोस्ट हे सगळे याच कुळातले. तपशील प्रत्येकाचे वेगळे, पण तत्त्व एकच. ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीखाली असतो ना, तो गॅसचा दांडा डोळ्यासमोर आणा. कार्ट्रिज त्याच जातीचं: आत दाबाखालचा वायू, कुलूप लावायला तेल आणि मध्ये एक झडप.

सीट वर येत नाही

‘बसतो, पण उठत नाही भाऊ.’ ड्रॉपरची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. आणि बहुतेक वेळा दोष ड्रॉपरचा नसतो, फ्रेमच्या तोंडावर पोस्ट आवळून धरणाऱ्या सीट क्लॅम्पचा असतो. साधा सीटपोस्ट कितीही आवळला तरी चालतो, म्हणून हाताला ती सवय लागलेली असते. ड्रॉपरची बाहेरची नळी पातळ ॲल्युमिनियमची. तिच्या आतलं बुश (नळीला आधार देणारं प्लॅस्टिकचं अस्तर) आणि वरखाली होणारी नळी यांच्यातली फट केसाच्या जाडीच्या आसपास. क्लॅम्प जास्त आवळला की बाहेरची नळी चिमटते आणि आतली घासायला लागते.

म्हणून काहीही उघडण्याआधी ही चाचणी करा. क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण ढिला करा, सीट खाली दाबा, लीव्हर दाबून सोडा. झटकन वर आली तर दुरुस्ती तिथेच संपली. आता बोल्ट थोडाथोडा आवळत, दर पाव फेऱ्याला सीट वरखाली करून बघा. जिथे ती मंदावते त्याच्या अलीकडे थांबायचं. टॉर्क पाना असेल तर ४ ते ५ न्यूटन मीटर. नसेल तर १० सेंटिमीटर लांबीच्या एलन कीच्या टोकाला साधारण ५ किलो वजनाचा जोर, म्हणजे दोन बोटांनी नीट ओढल्याएवढा.

एवढ्यात पोस्ट फ्रेममध्ये सरकत असेल तर आणखी आवळू नका. पोस्ट बाहेर काढा, सीट ट्यूब (फ्रेमची जी नळी पोस्ट पोटात घेते ती) आतून फडक्यानं पुसून कोरडी करा, पोस्टवरचं ग्रीस स्पिरिटनं साफ करा आणि कार्बन असेंब्ली पेस्टचा पातळ थर लावा. या पेस्टमध्ये बारीक कण असतात, त्यांच्यामुळे कमी जोरातही पकड बसते. फ्रेम ॲल्युमिनियमची असली तरी ती चालते. तरीही पोस्ट सरकतोय, तर व्यास तपासा. ३०.९ मिलिमीटरचा पोस्ट ३१.६ च्या फ्रेममध्ये घातलेला आम्ही पाहिलाय. वरवर बसतो, पण क्लॅम्प जीव खाऊन आवळल्याशिवाय राहत नाही, आणि मग तो कधीच सुरळीत चालत नाही.

क्लॅम्प निर्दोष ठरला तर पुढचा संशय केबलवर. क्लॅम्प ढिला ठेवूनच पोस्ट वर ओढा, पण नुसता ओढू नका. दुसऱ्या हातानं पुढच्या बाजूनं, जिथे केबल फ्रेममध्ये शिरते तिथून आउटर (तारेवरचं जाड आवरण) आत ढकलत राहा. दोन माणसं असली तर बरं. न ढकलता ओढला तर बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस बसतो तिथल्या) वळणावर आउटर मुडपतं, आणि मुडपलेलं आउटर पुन्हा सरळ होत नाही. पोस्ट बाहेर आला की केबलचं डोकं यंत्रातून सोडवा आणि यंत्र हातानं दाबा. सीट व्यवस्थित वरखाली झाली, तर पोस्ट ठणठणीत आहे आणि बिघाड केबल किंवा लीव्हरमध्ये आहे. हातानं दाबूनही अडकली, तर बिघाड पोस्टच्या आत. या एका चाचणीनं निम्मं काम होतं. ही न करताच नवीन कार्ट्रिज मागवणं म्हणजे ताप मोजण्याआधी ऑपरेशन ठरवणं.

केबल

केबलचं गणित मोटरसायकलच्या क्लचसारखं आहे. क्लच लीव्हरला थोडी ढील ठेवतात, तशीच इथे हवी: ड्रॉपरच्या लीव्हरला १ ते २ मिलिमीटर. ढील जास्त झाली तर झडप पूर्ण उघडत नाही, मग सीट मंद येते किंवा दाबलं तरी खाली जात नाही. ढीलच नसेल तर झडप कायम किंचित उघडा राहतो आणि बसल्यावर सीट हळूहळू खाली सरकते. शेवटची खूण ओळखायला फसवी आहे, कारण कार्ट्रिज संपल्यावरही नेमकं असंच होतं. म्हणून सीट सरकताना दिसली की पहिल्यांदा बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण कमीजास्त करायचा फिरता स्क्रू) दोन फेरे आत फिरवून केबल सैल करा आणि पुन्हा बसून बघा.

केबल बदलायची तर आतली तार गिअरची, स्टेनलेस, १.१ किंवा १.२ मिलिमीटरची. आउटर ४ मिलिमीटरचं, तेही गिअरचंच. गावातल्या सायकलच्या दुकानात ब्रेकचं ५ मिलिमीटरचं आउटर सहज मिळतं आणि दुकानदार ‘चालतं’ म्हणून देतो. ते स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं, दाबल्यावर आखडतं आणि लीव्हर पिचपिचा लागतो. आउटर साध्या पकडीनं कापलं तर तोंड चेपतं. धारदार केबल कटर वापरा, आणि कापल्यावर आतली प्लॅस्टिकची नळी दाभणाच्या टोकानं गोल उघडून घ्या. हे एवढंसं काम न केल्यामुळे नवीन केबलसुद्धा जड चालते.

पोस्ट परत बसवताना उलटा क्रम: पोस्ट खाली ढकलत असताना पुढून आउटर बाहेर ओढायचं, म्हणजे फ्रेमच्या पोटात वेटोळं साचत नाही. सीटची उंची आधीच इन्सुलेशन टेपनं पोस्टवर खूण करून ठेवा.

कॉलर उघडल्यावर काय दिसतं

खानदेशात ड्रॉपरचे शत्रू दोन. उन्हाळ्यात मुरमाची बारीक धूळ आणि पावसाळ्यात काळी कपाशीची माती. धूळ दिसत नाही म्हणून जास्त वाईट. वरच्या, म्हणजे वरखाली होणाऱ्या नळीवर हलकासा ओलावा किंवा तेलाचा अंश असतोच, त्यावर ती चिकटते आणि सीट खाली जाताना वायपर सीलच्या (नळी पुसणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठाशी जाऊन साचते.

कॉलर म्हणजे बाहेरच्या नळीच्या वरच्या टोकाचं आट्यांचं कडं. ते हातानं, नाहीतर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून उघडा. पकडीचे दात लावाल तर कडं कायमचं विद्रूप होईल. कडं वर सरकवलं की सीलच्या आतल्या बाजूला राखाडी लुगदी दिसते, दंतमंजनात पाणी पडावं तशी. ती ग्रीस आणि धुळीची मिळून झालेली पॉलिश पेस्टच असते. बोटांच्या चिमटीत घासून बघा, कण जाणवतात. तिच्याखाली प्लॅस्टिकच्या दोन अर्धगोल बुश असतात. त्याखाली, नळीवरच्या उभ्या खाचांमध्ये, पितळी पिना. सीट डावी-उजवीकडे फिरू नये म्हणून त्या असतात. नवीन पिन सगळीकडून गोल असते. झिजलेल्या पिनेवर एका बाजूला चकचकीत सपाट पट्टी पडलेली असते. ती पट्टी नखाला लागली की पिना बदलायची वेळ झाली.

सीटचं टोक धरून हलवलं तर २-३ मिलिमीटर खेळ नवीन पोस्टलाही असतो, त्याची काळजी करू नका. चालवताना तो जाणवत नाही. खेळ वाढत गेला किंवा खड्ड्यात ‘टक’ असा आवाज यायला लागला, की सगळ्या पिना एकदम बदला, एकच नको. पिना वेगवेगळ्या मापांत मिळतात, माप शतांश मिलिमीटरनं वाढतं आणि पिनेवर आकड्याची किंवा रेघांची खूण असते. आधी होती त्याच खुणेची आणा. फार झाली तर एक माप मोठी. अजून मोठी घातली तर खेळ जातो, पण सीटही वर यायची थांबते. लेथवाल्याकडून पितळेची पिन करून घ्यायचा मोह होतो, आणि जळगावच्या एमआयडीसीत हात असलेले टर्नर आहेतही. पण जुनी न झिजलेली पिन नमुन्याला हवी. झिजलेल्या पिनेवरून माप घेतलं तर झिजलेलीच पिन तयार होते.

साफसफाई अशी. बुश आणि पिना कोणत्या खाचेतून निघाल्या ते मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आणि त्या जिथून निघाल्या तिथेच परत घाला. सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पेट्रोल आणि रॉकेल नको, रबरी सील फुगतं. खाचा कापसाच्या काडीनं कोरा. वरच्या नळीवर नख फिरवून ओरखडा आहे का बघा. उभा ओरखडा नखाला लागत असेल तर सील कितीही नवीन घाला, धूळ त्या वाटेनं आत जाणारच. मग ग्रीस. सस्पेन्शनचं किंवा सिलिकॉनचं ग्रीस घ्या. आरओ दुरुस्तीवाल्यांकडे ओ-रिंगला लावायचं सिलिकॉन ग्रीस असतं, तेही चालतं. गॅरेजमधलं चाकाच्या बेअरिंगचं जाड ग्रीस टाळा. हिवाळ्यात ते घट्ट होतं आणि सीट सुस्त येते. प्रमाण: प्रत्येक पिनेला तुरीच्या दाण्याएवढं, सीलच्या आतल्या खाचेत गोल एक पातळ वळ, बुशना नुसता हात पुसल्यासारखा थर. कॉलर हातानं घट्ट, एवढंच. दहा वेळा सीट वरखाली करा आणि बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाका, नाहीतर पहिल्याच पांदणीत त्यावर धूळ बसेल.

हे काम उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी, पावसाळ्यात दर महिन्याला करावं असं आमचं मत आहे. कंपन्यांच्या पुस्तिकांतला काळ याहून मोठा असतो, पण तो मुरमाच्या रस्त्यावरच्या मे महिन्यासाठी लिहिलेला नाही. मधल्या काळात गंज सोडवायचा स्प्रे पोस्टवर मारू नका. पाच मिनिटं मऊ चालतो, आणि तेवढ्यात आतलं ग्रीस धुऊन नेतो.

काळ्या मातीचा प्रश्न वेगळा. ओली असताना ती ओल्या फडक्यानं निघते. वाळली की सिमेंट होते, आणि तशीच सीट खाली दाबली तर सीलचा ओठच कापते. पावसातल्या राईडनंतर सीट वर असतानाच नळी पुसा, मग खाली करा. गाडी धुण्याच्या सेंटरवर प्रेशर पंपाचा झोत कॉलरवर मारू देऊ नका. फ्रेमच्या तोंडाला क्लॅम्पखाली जी उभी चीर असते, तिच्यातून मागच्या टायरचा चिखल थेट सीट ट्यूबमध्ये जातो. जुन्या ट्यूबची चार बोटं रुंद रिंग कापून क्लॅम्पवरून चढवली की ही वाट बंद होते. खर्च शून्य. एवढा उपयोगी दुसरा उपाय आम्हाला माहीत नाही.

सीट रबरासारखी दबते

बसल्यावर सीट ५ ते १० मिलिमीटर खाली जाते आणि उठल्यावर परत येते, जणू खाली स्प्रिंग आहे. केबल सैल करूनही तेच? मग कार्ट्रिजमध्ये वायू तेलात मिसळलाय. तेल दाबलं जात नाही म्हणून सीटला कुलूप लागतं. तेलात वायूचे बुडबुडे शिरले की ते दबतात, म्हणून सीटही दबते.

हे होण्याचं एक मोठं कारण आपल्या हातातलं आहे. सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलणं. टेम्पोत चढवताना, जिन्यावरून नेताना हात सीटकडेच जातो. त्या वेळी सायकलचं सगळं वजन आतली नळी बाहेर ओढत असतं, पण झडप बंद असतो. आत निर्वात जागा तयार होते आणि वायू सीलवरून तेलाच्या बाजूला खेचला जातो. सीट वर असताना उचलली तर चालतं. खाली असेल तर फ्रेमला धरा.

सीलबंद कार्ट्रिज उघडता येत नाही, उघडायचा प्रयत्नही करू नका. आत दाबाखालचा वायू असतो. भोक पाडणं, तापवणं, शेकोटीत टाकणं जिवावर बेतू शकतं. भंगारवाल्याला देतानाही आत दाब आहे हे सांगून द्या. इलाज एकच, नवीन कार्ट्रिज, आणि ही जात तिथेच जिंकते. पोस्ट बाहेर काढा. बुडाचं यंत्र सोडवा, काहींत सर्कलिप असते, काहींत आट्यांची टोपी. कॉलर उघडा, आतली नळी वर ओढून वेगळी करा. कार्ट्रिजचं वरचं टोक सीटच्या डोक्यात पिनेनं किंवा बोल्टनं अडकवलेलं असतं, ते सोडवलं की कार्ट्रिज हातात येतं. पहिल्यांदा करताना तासभर धरा.

मागवण्याआधी जुन्या कार्ट्रिजवरचं लेबल वाचा. अनेक ब्रँडच्या पोटात विनटेक कंपनीचं कार्ट्रिज निघतं आणि मॉडेल नंबर त्यावरच छापलेला असतो. नंबर पुसला असेल तर तीन गोष्टी मोजा: पूर्ण उघडं असताना एकूण लांबी, दांड्याची सरक (तो किती आतबाहेर होतो), आणि दोन्ही टोकांचा प्रकार, भोक की आटे. लांबी ५ मिलिमीटरनं चुकली तरी यंत्र पिनेपर्यंत पोहोचत नाही किंवा कायम दाबून धरतं. नवीन कार्ट्रिज बसवण्याआधी जमिनीवर लाकडाच्या फळीवर उभं करून दोन्ही हातांनी भार द्या. जरासुद्धा दबता कामा नये.

काही पोस्टना हवेचा व्हॉल्व्ह असतो, सीटच्या डोक्याखाली किंवा बुडाशी. मोटरसायकलच्या टायरसारखाच, पण तो फक्त शॉक पंपानं (सस्पेन्शनच्या जास्त दाबाच्या हातपंपानं) भरायचा. सायकलच्या साध्या पंपाला तो दाब झेपत नाही. असा पोस्ट उघडण्याआधी हवा पूर्ण सोडून द्या.

आणि उन्हाचं काय? आकडेमोड करून बघा. २० अंशांना २५० पीएसआय (दाबाचं माप) भरलेला पोस्ट ४५ अंशांना साधारण २७२ पीएसआय होतो, हिवाळ्यात तोरणमाळला पहाटे १० अंशांना २४० च्या आसपास. म्हणून मे महिन्यात भुसावळला सीट धाडकन वर येते आणि जानेवारीत तीच रेंगाळते, त्यात थंड तेलही घट्ट झालेलं असतं. यात बिघाड नाही. हवा भरायची तर सकाळी, सायकल सावलीत असताना भरा, आणि पुस्तिकेतल्या कमाल आकड्याच्या २० पीएसआय खाली थांबा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत सायकल दिवसभर ठेवू नका, सील तापून लवकर कडक होतात.

बाकीच्या जाती

रॉकशॉक्सचा रिव्हर्ब २०१० सालापासून आहे आणि चालवायला फार सुरेख. लीव्हरपासून पोस्टपर्यंत तेलाची नळी, त्यामुळे अंगठ्याला लोण्यासारखा. पण ब्लीड करायला, म्हणजे नळीतले हवेचे बुडबुडे काढायला, त्याचं किट, सिरिंज आणि २.५ वेटचं तेल लागतं, आणि पोस्टच्या आत वायू तेलात शिरला तर जुनं मॉडेल पूर्ण उघडावं लागतं. २०२० च्या मॉडेलपासून तो वायू काढून टाकायला कंपनीनं वेगळा झडप दिला, हे चांगलं केलं. बाईकयोकच्या रिव्हाइव्हमध्ये ही सोय डोक्यातच आहे: झडप फिरवा, पोस्ट दाबा, झडप बंद करा, सीटचं रबरासारखं दबणं गेलं. हौस आणि पैसा दोन्ही असेल तर तो घ्या, आमची हरकत नाही. रिव्हर्ब एएक्सएस हा २०१९ चा वायरलेस. केबलची कटकट नाही, पण पोस्टची बॅटरी चार्ज करावी लागते, लीव्हरमध्ये सीआर२०३२ सेल, आणि बिघडला तर घरच्या ओट्यावर करण्यासारखं फार उरत नाही.

घेताना मापं

व्यास फ्रेमवर किंवा जुन्या सीटपोस्टवर कोरलेला असतो: २७.२, ३०.९, ३१.६, ३४.९ मिलिमीटर. खूण पुसली असेल तर व्हर्निअरनं जुना पोस्ट मोजा, टेपनं नाही. मग सीट तुमच्या चढाच्या उंचीवर ठेवून क्लॅम्पच्या वरच्या कडेपासून सीटच्या दांड्यांच्या मध्यापर्यंत मोजा. समजा २१० मिलिमीटर भरलं. पोस्टचं डोकं आणि कॉलर मिळून ५०-६० मिलिमीटर जागा खातात, म्हणजे १५० मिलिमीटर सरकीचा पोस्ट बसतो, १७० चा बसत नाही. शेवटी जुना पोस्ट पूर्ण खाली घालून सीट ट्यूब किती खोल मोकळी आहे ते बघा. आत वळण किंवा बाटलीचा बोल्ट असेल तर लांब पोस्ट तिथेच अडतो. या मोजणीत चूक झाली तर परत पाठवण्याचा खर्च तुमचाच.

फ्रेममध्ये केबलला भोक नसेल तर ड्रिलनं पाडू नका, फ्रेमला तिथून तडा जातो. बाहेरून केबल येणारा पोस्ट घ्या, आणि त्यातही केबल कॉलरला जोडलेला. डोक्याला जोडलेल्या प्रकारात सीट खाली गेली की केबलची कमान मागच्या टायरला घासायला लागते.

आता तो कापलेला गुण. कार्ट्रिज आणि पिना इथल्या बाजारात हातात मिळत नाहीत, ऑनलाइन मागवून वाट बघावी लागते. म्हणून पोस्ट घेतानाच एक कार्ट्रिज, पिनांचा एक संच आणि एक वायपर सील मागवून ठेवा. कार्ट्रिज साठवताना दांडा पूर्ण बाहेर ठेवा. शिवाय सोबत येणारा लीव्हर बऱ्याचदा हलक्या प्रतीचा असतो, त्याचं प्लॅस्टिकचं बुश झिजून तो वरखाली हलायला लागतो. पैसे वाचवायचे तर पोस्ट स्वस्त घ्या, पण लीव्हर बेअरिंगचा घ्या. वजनही आहे: साध्या पोस्टच्या जवळपास दुप्पट, अर्ध्या किलोच्या वर.

करकर ऐकू आली तर ती बहुधा सीटच्या दांड्यांच्या चिमट्यातून येते. बोल्ट काढा, आटे पुसा, थोडं ग्रीस लावा, चिमट्यात धूळ उरू देऊ नका आणि पुस्तिकेतल्या टॉर्कवर आवळा.

सायकल दुरुस्तीच्या स्टँडवर लावताना वरखाली होणारी चकचकीत नळी जबड्यात धरू नका. बाहेरची रुंद नळी धरा, आणि ती पुरेशी बाहेर नसेल तर पोस्ट थोडा वर ओढून घ्या, अर्थात पुढून केबल ढकलत. आठवडाभर सायकल उभी ठेवायची असेल तर सीट वर करूनच ठेवा.